गोळी का भरकटते याचा हिशेब मांडणारा बेंजामिन रॉबिन्स

जनवाडा (जि. बीदर) : बीदरचा किल्ला पाहायला गेलेलं पोर बुरजावरच्या तोफेवर हात ठेवतं आणि पहिला प्रश्न विचारतं, ही किती लांब मारायची? कलबुर्गीच्या किल्ल्यात बारा गजी तोफेपाशी हाच प्रश्न, विजापुरात मुलुखमैदानपाशीही हाच. उत्तरं गावोगावी वेगळी मिळतात आणि दर पिढीला कोस-दोन कोस वाढत जातात. पण जिथे मारायचा तिथेच गोळा पडायचा का, हे फारसं कोणी विचारत नाही.

पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज गणितज्ञाने हा दुसरा प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही. त्याचं नाव बेंजामिन रॉबिन्स. बंदुकीच्या गोळीचा वेग पहिल्यांदा नीट मोजला तो त्याने. गोळी वाटेत का वळते हे दाखवलं ते त्याने. आटे पाडलेल्या नळीचा, म्हणजे रायफलचा, जमाना येणार हेही त्याने शंभर वर्षं आधी ओळखलं. आज जगभरात जे नेमबाज स्वतःच्या हाताने काडतुसं भरतात आणि दारू तोळामासा नव्हे तर मिलिग्रॅमच्या हिशेबाने तोलतात, ते जाणता-अजाणता त्याच्याच वाटेने चालतात. हा माणूस वारला तो आपल्या देशात, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर. आणि ती जागा इंग्रजांना विकली होती मराठ्यांनी.

गोळ्याच्या पल्ल्यात आलेली गावं

आधी त्या जागेबद्दल. कडलूरजवळ गडिलम नदीच्या मुखाशी देवनामपट्टिनम नावाचं गाव आहे. तिथे फोर्ट सेंट डेव्हिड या किल्ल्याचे अवशेष आहेत. 1689 नंतर छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते. मोगलांशी लढा चालू होता आणि पैशाची निकड होती. 1690 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने जिंजी दरबाराकडून हा किल्ला विकत घेतला. किल्ल्याबरोबर भोवतालचा मुलूखही मिळायचा होता. किती? तर किल्ल्यातून उडवलेला तोफेचा गोळा जिथवर जाईल तिथवरचा.

कंपनीचे लोक व्यवहाराला पक्के. लांब पल्ल्याची पितळी तोफ निवडली गेली. मद्रासहून सूचना आली ती अशी, की तोफ कशी भरायची आणि कशी उडवायची हे गोलंदाजाचं कसब आहे, ते त्याने पुरतं पणाला लावावं. गोळे सुटले, पडले, आणि त्या घेरात आलेली गावं कंपनीच्या पदरात पडली. कडलूर शहरही त्यात आलं. त्या गावांना पुढे तमिळमध्ये गोळ्याची गावं अशा अर्थाचं नाव पडलं.

म्हणजे दारू किती ठासली, गोळा नळीत किती घट्ट बसला, तोफेचं तोंड किती वर उचललं, यावर त्या दिवशी गावांची मालकी ठरली. हे सगळं गोलंदाजाच्या हातात आणि अंदाजात होतं. त्याचा शास्त्रशुद्ध हिशेब तेव्हा कोणाकडेच नव्हता, ना मराठ्यांकडे ना इंग्रजांकडे. तो मांडणारा माणूस जन्माला यायला अजून 17 वर्षं होती.

बाथ गावचा गरीब पोरगा

बेंजामिन रॉबिन्सचा जन्म 1707 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. आईवडील क्वेकर पंथाचे. हा पंथ युद्ध मानत नाही, हत्यार हाती घेत नाही. त्याच घरातला मुलगा पुढे बंदुकीच्या शास्त्राचा पाया घालणार होता.

शाळाकॉलेजचं रीतसर शिक्षण फारसं नाही, पण गणितात डोकं असं चालायचं की ओळखीच्यांनी त्याचं काम लंडनला हेन्री पेंबर्टन या विद्वानाकडे पाठवलं. पेंबर्टन म्हणजे न्यूटनच्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीचं काम पाहणारा माणूस. त्याने पोराला बोलावून घेतलं. लंडनमध्ये रॉबिन्सने क्वेकरांचा साधा पेहराव सोडला, गणिताच्या शिकवण्या घेऊन पोट भरलं आणि 1727 मध्ये, म्हणजे वयाच्या विशीत, रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

नुसत्या शिकवणीत त्याचं मन रमलं नाही. पूल, गिरण्या, बंदरं, पाणथळ जमिनीचा निचरा अशा कामांत तो पडला. फ्लँडर्समध्ये जाऊन तिथल्या किल्ल्यांची तटबंदी पाहून आला. तटबंदी पाहिली की ती फोडणाऱ्या तोफेचा विचार येतोच. तिथून त्याचं लक्ष तोफा-बंदुकांकडे वळलं.

हुकलेली नोकरी

1741 मध्ये लंडनजवळ वुलिच इथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांसाठी सरकारी विद्यालय निघालं. तटबंदीशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा रॉबिन्सला हवी होती. लायकी होती, पण एक अडचण होती. पंतप्रधान वॉलपोल यांच्या धोरणाविरुद्ध त्याने पत्रकं लिहिली होती. जागा दुसऱ्याला मिळाली.

रॉबिन्सने त्या जागेसाठी व्याख्यानांची जी तयारी केली होती ती वाया जाऊ दिली नाही. तिचंच पुस्तक केलं. 1742 मध्ये ते छापून निघालं. नाव होतं तोफशास्त्राची नवी तत्त्वं, आकाराने लहान. पण त्यामुळे तोफांचं शास्त्र तोवरच्या अंदाजावरून मोजमापावर आलं.

त्याआधी काय चालायचं? गॅलिलिओने 1638 मध्ये दाखवलं होतं की फेकलेली वस्तू विशिष्ट वक्ररेषेत जाते. तोफवाल्यांनी ती रेषा धरून कोष्टकं बनवली. गॅलिलिओचा हिशेब हवा नाही असं धरून होता. हवेचा अडथळा फार नसावा, असं समजून कोष्टकं वापरली जायची. गोळा कोष्टकाप्रमाणे पडला नाही की दोष कधी दारूला, कधी गोलंदाजाला.

हे खरं की खोटं ते तपासायचं तर एक आकडा हवा होता. नळीतून सुटताना गोळीचा वेग किती? तो आकडा कोणाकडेच नव्हता. डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीचा वेग मोजायचा कसा?

टांगलेला ओंडका

रॉबिन्सने काढलेली युक्ती अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेची मुलं आजही शिकतात. त्याने तिकाटण्याला एक जड लंबक टांगला, वजन सुमारे 56 पौंड. लंबकाला समोरून जाड लाकडी फळी. खाली एक फीत अशी अडकवली, की लंबक मागे गेला की तेवढी फीत ओढली जाईल. मग समोरून बंदूक झाडली.

गोळी लाकडात घुसून अडकली आणि लंबक मागे झुलला. किती झुलला ते फितीने सांगितलं. गोळीचं वजन माहीत, लंबकाचं माहीत, झोका माहीत. बाकी सगळा त्रैराशिकाचा जरा मोठा भाऊ. गोळी एका पौंडाचा बारावा हिस्सा, म्हणजे लंबक तिच्या पावणेसातशे पट जड. लंबकाचा वेग जितका कमी, तितक्याच पटीने गोळीचा जास्त. न दिसणारी गोळी त्याने दिसणाऱ्या ओंडक्याच्या खात्यात जमा करून मोजली.

आकडा आला तो सेकंदाला सुमारे 1670 फूट, म्हणजे 500 मीटरहून अधिक. आवाजाच्या वेगाच्या जवळजवळ दीडपट. मग त्याने लंबक बंदुकीपासून दूर दूर नेला आणि गोळी वाटेत किती वेग गमावते ते पाहिलं. त्यातून निघालेला हिशेब ऐकून तेव्हाचे तोफवाले चक्रावले असतील. पाऊण इंची गोळी पूर्ण वेगात असताना हवा तिला तिच्या वजनाच्या सुमारे 120 पट जोराने अडवते. हवा नसती तर 24 पौंडी गोळा 16 मैल गेला असता. प्रत्यक्षात 3 मैलसुद्धा जात नाही. म्हणजे ज्या गोष्टीला कोष्टकांत शून्य धरलं होतं तीच गोष्ट पल्ल्याचा बहुतांश भाग खात होती.

दारूचाही हिशेब त्याने केला. दारू पेटली की तिचा वायू होतो, तो उष्णतेने फुगतो आणि हवेच्या दाबाच्या सुमारे 1000 पट जोराने गोळीला ढकलतो, असं त्याने मांडलं. गोळी हलायच्या आत सगळी दारू जळते हे त्याचं गृहीत पुढे पूर्ण बरोबर ठरलं नाही, पण पद्धत बरोबर ठरली. दमट हवेने दारू ओल धरते आणि मग तेवढ्याच वजनाची दारू कमी वेग देते, हेही त्याच्या लक्षात आलं. पावसाळ्यात ठासणीची बंदूक का दगा देते हे आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. रॉबिन्सकडे त्याचे आकडे होते.

वाकडी नळी आणि कागदाचे पडदे

पल्ल्याचा प्रश्न सुटला, नेमाचा राहिला. तोच जास्त अवघड.

रॉबिन्सने बंदुकीची नळी जड लाकडाच्या ठोकळ्यात पक्की बसवली. आता हात हलण्याचा, श्वास चुकण्याचा प्रश्नच नाही. तरी गोळ्या एका जागी पडेनात. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी वर. आणखी एक विचित्र गोष्ट. नळीतच थोडी तिरकी सुटली असती, तर अंतर दुप्पट झाल्यावर चूकही दुप्पट व्हायला हवी होती. ती दुपटीपेक्षा कितीतरी जास्त वाढत होती. याचा अर्थ गोळी सुटल्यावरही वाटेत वळत होती. का?

त्याचं उत्तर असं : ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा थोडी लहानच ठेवावी लागते, नाही तर ती गजाने आत ढकलता येत नाही. त्या फटीमुळे सुटताना ती नळीच्या कुठल्या तरी एका कडेला घासत येते आणि स्वतःभोवती फिरू लागते. कुठल्या कडेला घासेल त्याचा नेम नाही, म्हणून कुठे वळेल त्याचाही नाही. फिरत्या गोळीला हवा एका बाजूने जास्त अडवते आणि गोळी त्याप्रमाणे वळते.

हे सिद्ध करायला त्याने मुद्दाम नळीचं तोंड थोडं डावीकडे वाकवलं. समोर ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे टांगले, म्हणजे गोळीची वाट भोकांवरून कळेल. नळी डावीकडे वाकलेली, तर कोणीही म्हणेल गोळी डावीकडेच जाणार. रॉबिन्सचं म्हणणं वेगळं होतं. वाकड्या नळीत गोळी उजव्या कडेला घासणार, त्यामुळे तिला ठरावीक दिशेची गिरकी मिळणार आणि पुढे जाऊन ती उजवीकडे वळणार. बार उडाला. जवळच्या पडद्यांवर भोकं डावीकडे होती. लांबच्या ठिकाणी गोळी उजवीकडे गेली होती.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे नवीन वाटणार नाही. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडायच्या आधी हवेतच सरकतो, तो याच कारणाने. पुढे 1852 मध्ये जर्मनीच्या माग्नुसने यावर प्रयोग केले आणि नाव त्याचं लागलं. पण शंभर वर्षं आधी वाकड्या नळीने ते दाखवलं होतं रॉबिन्सने. तोफेच्या गोलंदाजाचा शब्द आपल्या भाषेत चेंडूच्या गोलंदाजाला मिळाला, तसंच हे शास्त्रही दोघांचं एकच निघालं.

आटे पाडलेली नळी

रोग कळला की औषध सुचतं. गोळी फिरणारच असेल तर ती आपल्याला हवी तशी फिरू द्यावी. भोवरा फिरत असला की तोल सांभाळतो, तसं. नळीच्या आतून पेचदार आटे पाडले तर गोळी त्यात धरली जाते आणि स्वतःच्या जाण्याच्या रेषेभोवतीच फिरत बाहेर पडते. मग हवा सगळ्या बाजूंनी सारखीच अडवते आणि गोळी सरळ राहते.

अशा नळ्या जर्मनी-स्वित्झर्लंडमधल्या शिकाऱ्यांकडे आधीपासून होत्या. त्या नेम का धरतात हे मात्र नीट कोणी सांगितलं नव्हतं. 2 जुलै 1747 रोजी रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात रॉबिन्सने ते सांगितलं. भरायच्या पद्धतीही त्याने लिहून ठेवल्या. कुठे नळीपेक्षा किंचित मोठी गोळी हातोडीने ठोकून आत घालत. कुठे तेलात बुडवलेलं पातळ चामडं किंवा कापड गोळीखाली लावून ती आत सरकवत, म्हणजे फट बुजते आणि आट्यांत पकड बसते. दोन्हींत वेळ जातो, म्हणून नळी मागून भरायची सोय उत्तम, असं त्याचं मत होतं. गोल गोळीऐवजी अंड्याच्या आकाराची, जड टोक पुढे असलेली गोळी वापरून पाहावी, हेही त्याने सुचवलं. जो देश ही नळी आधी समजून घेईल आणि आपल्या फौजेला देईल, त्याला पहिल्यांदा बंदूक मिळालेल्यांना जो वरचष्मा मिळाला होता तसाच वरचष्मा मिळेल, असं त्याने निबंधाच्या शेवटी नोंदवलं. लगेच कोणी मनावर घेतलं नाही.

आज हाताने काडतूस भरणाऱ्या नेमबाजाचं काम पाहिलं तर हेच सगळं बारीक रूपात दिसतं. दारू 0.1 ग्रेनपर्यंत, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत, तोलतात. गोळ्या वजनाने वेगळ्या काढतात. प्रत्येक गोळी कवचात सारख्याच खोलीवर बसवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, कागदावर भोकांचा पुंजका किती लहान येतो ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. लंबकाच्या जागी इलेक्ट्रॉनिक वेगमापक आला, एवढाच फरक. भारतात स्पर्धेचे नेमबाज बहुधा कारखान्यातली काडतुसं वापरतात, पण वेगवेगळ्या खेपांची काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून कुठल्या खेपेचा पुंजका लहान येतो ते आधी पाहतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्यपदक आणलं. त्या पातळीवर हात कितीही पक्का असला तरी गोळीमागून गोळी सारखी नसेल तर भागत नाही.

जास्त दारू म्हणजे जास्त नेम, हा समज तेव्हाही होता, आजही आहे. रॉबिन्सचा अनुभव उलट होता. एका मर्यादेपुढे दारू वाढवली तर वेग थोडाच वाढतो आणि तोही हवा लवकर खाऊन टाकते. धक्का आणि नळीवरचा ताण मात्र वाढतो. म्हणून त्याने इंग्रज आरमाराला सुचवलं की कमी दारूच्या, हलक्या पण मोठ्या तोंडाच्या तोफा करा. त्या धर्तीच्या तोफा 1779 च्या सुमारास, त्याच्या पश्चात, आरमारात आल्या.

विरोधकानेच केलेलं भाषांतर

रॉबिन्सचं नाव युरोपभर गेलं ते लेओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञामुळे. गंमत अशी की याच ऑयलरच्या एका ग्रंथावर रॉबिन्सने 1739 मध्ये कडक टीका केली होती. ऑयलरने राग धरला नाही. प्रशियाच्या फ्रेडरिक राजासाठी तोफशास्त्रावरचं उत्तम पुस्तक निवडायची वेळ आली तेव्हा त्याने रॉबिन्सचंच निवडलं, 1745 मध्ये जर्मनमध्ये आणलं आणि मूळ पुस्तकाच्या कितीतरी पट मोठी टीप जोडली. गोळी गिरकीमुळे वळते हे त्याने मान्य केलं नाही, दोष गोळीच्या ओबडधोबडपणाला दिला. त्या एका मुद्द्यावर काळाने रॉबिन्सच्या बाजूने निकाल दिला. 1746 मध्ये रॉयल सोसायटीने रॉबिन्सला कोपली पदक दिलं. 1783 मध्ये पुस्तक फ्रेंचमध्ये आलं आणि ओसोन इथल्या तोफखाना विद्यालयात नेपोलियन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्याची टिपणं काढली.

कडलूरचा शेवट

1746 मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतलं तेव्हा कंपनीचा दक्षिणेतला कारभार फोर्ट सेंट डेव्हिडवर आला, तोफेच्या गोळ्याने मापलेल्या त्याच जागेवर. मद्रास 1749 मध्ये परत मिळालं, पण आपले किल्ले कच्चे आहेत हे कंपनीला कळून चुकलं होतं. तिने रॉबिन्सला मुख्य अभियंता म्हणून बोलावलं. त्याच वेळी पॅरिसला सरहद्दीच्या वाटाघाटीसाठी जायची संधीही त्याच्यापुढे होती. त्याने हिंदुस्थान निवडला. 1749 च्या नाताळाच्या सुमारास तो निघाला आणि 1750 च्या जुलैत फोर्ट सेंट डेव्हिडला उतरला. सोबत आकाश पाहायची उपकरणंही आणली होती, म्हणजे मनात अजून बरंच काही होतं.

इथलं हवामान त्याला मानवलं नाही. दोनच महिन्यांत तापाने धरलं. त्यातून उठला आणि फोर्ट सेंट डेव्हिड व मद्रास या दोन्ही किल्ल्यांचे आराखडे केले. मग पुन्हा अंथरूण धरलं. 29 जुलै 1751 रोजी, वयाच्या 44 व्या वर्षी, तो गेला. शेवटच्या घडीला कंपनीच्या संचालकांसाठी अहवाल लिहीत होता आणि लेखणी हातातच होती, असं त्याच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. लग्न केलेलं नव्हतं. लिखाण मित्राने गोळा करून 1761 मध्ये छापलं.

तो गेल्यावर महिन्याभरात क्लाइव्हने अर्काट घेतलं. तिथल्या वेढ्यात त्याच्या मदतीला निघालेली फौज मराठ्यांची होती, गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची. रॉबिन्सबरोबर मदतनीस म्हणून आलेला जॉन कॉल हा पोरगा पुढे कंपनीचा मुख्य अभियंता झाला आणि 1758-59 च्या वेढ्यात त्याने मद्रास राखायला मदत केली. फोर्ट सेंट डेव्हिड मात्र 1758 मध्ये फ्रेंचांनी जिंकून पाडला. अहवाल लिहिता लिहिता जो किल्ला तो मजबूत करत होता तो सात वर्षांत पडला.

उदगीर आणि पुढे

त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारी 1760 मध्ये, इथून जवळच उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण आणि तोफखाना त्यात मोलाचा ठरला. गारदी फ्रेंचांच्या तालमीत तयार झालेला. पेशव्यांचा स्वतःचा तोफखाना पानसे सरदारांकडे होता. हातातलं कसब कमी नव्हतं. कसर होती ती दुसरीकडे. आपल्याकडे हे कसब उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जायचं आणि उस्ताद पडला की त्याच्याबरोबर जायचं. पुढच्याच जानेवारीत पानिपतावर इब्राहिमखान पकडला जाऊन मारला गेला. रॉबिन्सही अकाली गेला, पण त्याचे आकडे छापलेले होते. ते बर्लिनला गेले, पॅरिसला गेले आणि ज्याच्या हाती पडले त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

रॉबिन्सने म्हटल्याप्रमाणे आटे पाडलेल्या नळ्या सगळ्या फौजेच्या हाती आल्या त्या शंभर वर्षांनी. 1853 ची एन्फिल्ड रायफल तशीच होती. तिचं काडतूस नळीत नीट सरकावं म्हणून त्याला चरबी लावलेली असायची. रॉबिन्सने नोंदवलेल्या तेलातल्या चामड्याचीच ती पुढची पायरी. त्या चरबीवरून 1857 मध्ये काय पेटलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याची झळ आपल्या भागातही, सुरपूरच्या राजा व्यंकटप्पा नायकापर्यंत, पोचली होती.

राजाराम महाराज जिथे होते तो जिंजीचा किल्ला 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आला. तो पाहायला आता इकडून पुष्कळ लोक जातील. जिंजीहून कडलूरचा किनारा फार लांब नाही. देवनामपट्टिनमच्या पडक्या भिंतीपाशी तोफ किती लांब मारायची असं एखाद्या पोराने विचारलंच, तर त्याला गोळ्याने मापलेल्या गावांची गोष्ट सांगता येईल. आणि गोळा नेमका तिथेच का पडला, हे शोधायला आयुष्य घालवलेला माणूसही इथेच गेला, हेही.